दिव्याचा हात

सगळा जन्म सावंतवाडीत गेला, पण मला पोहता येत नाही. वेंगुर्ल्याचा समुद्र इथून तासाभराच्या आत, गावात मोती तलाव, तरी घोट्याच्या वर पाण्यात मी क्वचितच गेलो असेन. अशा माणसाने पाण्याखालच्या फोटोग्राफीवर लिहायचं म्हणजे आगाऊपणाच. पण या विषयात माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती घरातल्या दोघातिघांनाच माहीत आहे. त्या चुकीपायी गेलं वर्षभर मी हा इतिहास वाचत बसलो होतो. तेव्हा मंडळी, थोडं सांभाळून घ्या.

धाकट्या मुलाची मुलगी समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली तेव्हा तिच्याकडे एक कॅमेरा, तो पाण्यात न्यायची घट्ट झाकणाची पेटी आणि कुणाकडून तरी जुना घेतलेला एक स्ट्रोब होता. स्ट्रोब म्हणजे पाण्याखाली चालणारा फ्लॅश. तो कॅमेऱ्यावर थेट बसवत नाहीत. पेटीच्या मुठीवर एक सांधा, त्यात अॅल्युमिनियमचा दांडा, मग पुन्हा सांधा, पुन्हा दांडा, आणि शेवटी दिवा. इंग्रजीत या दांड्यांना आर्म म्हणतात, आणि रचना खरोखर हातासारखीच आहे. खांदा, कोपर, मनगट, सगळं त्यात आहे.

हे दांडे तिला घ्यायचे होते आणि पैसे मी देणार होतो. तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "आजोबा, पाच इंची एकच घेऊ, की आठ इंची आणि बारा इंची असे दोन जोडून घेऊ? दोन्हींत सात हजारांचा फरक आहे."

आता चौतीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस "मला माहीत नाही" असं सहसा म्हणत नाही. खोड आहे ती. मी म्हटलं, "लहान घे. दिवा जितका जवळ तितका उजेड जास्त. आणि लांब दांडा पाण्यात कुठेतरी अडकायचा." ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! तीही या कामात तेव्हा नवीन होती. तिने पाच इंची घेतला.

जानेवारीत ती मालवणला गेली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहेत, हे आपल्याकडच्या पुष्कळांना अजून माहीत नाही. आमच्या पिढीच्या भूगोलात प्रवाळ म्हणजे लक्षद्वीप आणि अंदमान. तिथल्या एका खडकावर पानासारख्या पसरलेल्या प्रवाळाचा एक गट होता. त्याचे दरवर्षी फोटो काढायचे आणि वाढ किंवा घट मोजायची, असा तिचा बेत. तिने ११२ फोटो काढले. घरी येऊन पडद्यावर लावले, तर सगळीकडे बर्फ पडतोय! काळपट हिरव्या पाण्यावर हजारो पांढरे ठिपके, आणि त्यांच्या आड कुठेतरी प्रवाळ. कडा एकाही फोटोत धड मोजता येईना.

"पुढच्या वर्षी पुन्हा काढू," असं ती म्हणाली. पुढच्या वर्षी गेली तेव्हा त्या खडकावर एक तुटकं जाळं गुंतून बसलेलं होतं आणि प्रवाळाचा तो गट मोडून पडला होता. म्हणजे तो धड होता तेव्हाचे जगात कुठे फोटो असतील, तर ते ते ११२.

तिने मला शब्दानेही बोल लावला नाही. मला लागलं ते तेच. वर्गात एखाद्या पोराने "सर, तुम्ही चुकीचं सांगितलंत" असं तोंडावर म्हटलं, तर निदान फळा पुसून पुन्हा लिहिता येतं.

तर हा बर्फ कुठून आला? आंबोलीचा घाट पावसाळ्यात रात्री उतरलेल्यांना हे लगेच कळेल. धुकं दाटलं की नवखा माणूस गाडीचा दिवा वर करतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. एस.टी.चा जुना ड्रायव्हर उलट दिवा खाली घेतो. धुक्यासाठीचे पिवळे दिवेही खाली, बंपरपाशी बसवतात. बघणाऱ्याच्या डोळ्याच्या रेषेत दिवा असला, की मधल्या प्रत्येक थेंबावरून उजेड सरळ डोळ्यात परत येतो. समुद्राच्या पाण्यात थेंबांच्या जागी गाळ असतो, वाळूचे बारीक कण असतात, डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. स्ट्रोब भिंगाच्या शेजारी असला तर भिंगाच्या अगदी पुढचे कण सगळ्यात जास्त उजळतात. मालवणचं पाणी काही अंदमानसारखं नितळ नाही. तिथे हा दोष दुप्पट.

म्हणजे दांडा असतो तो दिवा धरायला नव्हे, दिवा लांब ठेवायला. एवढं समजायला मला ११२ फोटो लागले. मग प्रश्न पडला, की पहिल्यांदा पाण्यात कॅमेरा नेणाऱ्यांनी हे कसं शोधलं असेल?

पाण्याखाली पहिला कॅमेरा नेला विल्यम थॉम्पसन या इंग्रजाने, १८५६ साली, डॉर्सेटच्या किनाऱ्यावर वेमथजवळ. नेला म्हणजे काय, पेटीत घालून काठीने खाली सोडला. स्वतः बोटीतच. पेटीत पाणी शिरलं, तरी काचेवर काहीतरी उमटलं. दिव्याचा त्यात संबंध नव्हता, म्हणून त्याला तिथेच सोडू.

खरा माणूस लुई बुताँ. हा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, स्पेनच्या हद्दीजवळ, भूमध्य समुद्रावर बान्यूल्स नावाचं गाव आहे. तिथल्या आरागो प्रयोगशाळेत तो काम करायचा. पितळी शिरस्त्राण आणि शिशाच्या तळाचे बूट घालून तो समुद्राच्या तळाशी जाई. खाली जे दिसतं ते वर येऊन शब्दांत सांगायचं, आणि चित्रकाराने न पाहिलेलं चित्र काढायचं, याचा त्याला कंटाळा आला. त्याचा भाऊ ओग्यूस्त इंजिनियर होता. त्याने कॅमेऱ्यासाठी तांब्याची पेटी बनवून दिली. तिला एक रबरी फुगा जोडलेला होता. खोल गेलं की पाण्याच्या दाबाने फुगा दबायचा, त्यातली हवा पेटीत जायची आणि आतला-बाहेरचा दाब सारखा राहायचा. अशी युक्ती घरातलाच माणूस लढवून देतो.

१८९३ साली बुताँने तळाशी उभं राहून फोटो काढले. पण नुसत्या सूर्यप्रकाशावर एकेका फोटोला अर्धा अर्धा तास लागायचा. तेवढ्यात मासा कुठला थांबायला! म्हणून त्याला दिवा हवा होता. शॉफूर नावाच्या विद्युत अभियंत्याने काचेच्या फुग्यात ऑक्सिजन भरून आत मॅग्नेशियमची तार ठेवली आणि विजेने ती पेटवली. आपण लहानपणी लग्नाच्या फोटोग्राफरकडे एकदाच चमकणारे बल्ब पाहिले, त्यांचा हा पणजोबा. पण तो फुटायचा. समुद्राच्या तळाशी हातात काच फुटणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

मग बुताँने दुसरा मार्ग काढला, आणि तो वाचताना मला हसू आवरेना. त्याने २०० लिटरचं लाकडी पिंप घेतलं आणि त्यात ऑक्सिजन मिसळलेली हवा भरली. पिंपाच्या डोक्यावर स्पिरिटचा दिवा ठेवला आणि त्यावर काचेची हंडी पालथी घातली. दिव्याच्या ज्योतीवर रबरी फुग्याने मॅग्नेशियमची पूड फुंकायची, की भपकन लख्ख उजेड! हे सगळं धूड वजन बांधून समुद्राच्या तळाशी उतरवायचं. फटाक्यांच्या दुकानातसुद्धा एवढं साहस कोणी करणार नाही.

हे पिंप वाचताना माझ्या मनात काहीतरी खटकलं. ते मी वहीत लिहून ठेवलं आणि पुढे गेलो. त्याकडे नंतर येतो.

१८९९ मध्ये बुताँ आणखी पुढे गेला. विजेच्या कमानी दिव्यांच्या उजेडात त्याने ५० मीटर खोलीवर फोटो घेतले. त्याच वर्षी त्याने राकोवित्सा या रुमानियन शास्त्रज्ञाचा पाण्याखाली उभा असलेला फोटो काढला. ही सगळी हकीकत त्याने १९०० साली पुस्तकरूपाने छापली. त्यानंतर कितीतरी वर्षं या कामाकडे फारसं कोणी वळलं नाही. लढाया झाल्या, जगाला इतर कामं होती.

मधेच एक आपल्याकडची गोष्ट सांगायला हवी, कारण ती ह्याच भूमध्य समुद्रावर घडली. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीने परत येत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं तेव्हा मोठे मोठे लोक मानत. रामन यांनी खिशातल्या एका लोलकाने पृष्ठभागावरून परावर्तित होणारा उजेड कापून टाकला, तरी पाणी निळंच. म्हणजे पाण्याचे रेणूच प्रकाशाचं विकिरण करतात. बोट मुंबई बंदरात उभी असताना सप्टेंबरात त्यांनी 'नेचर' नियतकालिकाला पत्र लिहिलं. आम्ही शाळेत रामन परिणाम शिकवला, नोबेल शिकवलं, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाची भाषणं करवून घेतली. पण ज्या पाण्याच्या विकिरणातून त्याची सुरुवात झाली, त्याच विकिरणाच्या दांडग्या भावाने, म्हणजे गाळाच्या कणांवरून उधळणाऱ्या उजेडाने, माझ्या नातीचे फोटो घालवले. हे मला पंचाहत्तरीत कळतंय.

असो. पुढचा मुक्काम अमेरिकेत, फ्लोरिडाच्या टोकाजवळची ड्राय टोर्टुगास बेटं, साल १९२६. विल्यम लाँगली हे माशांचे अभ्यासक आणि चार्ल्स मार्टिन हे 'नॅशनल जिऑग्राफिक'चे छायाचित्रकार. त्यांना पाण्याखालचा रंगीत फोटो हवा होता. रंगीत फोटो तेव्हा ऑटोक्रोम काचेवर निघायचा. बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले कण काचेवर पसरून ती बनवलेली असे, आणि ती इतकी मंद की भर उन्हात सुद्धा तिला वेळ लागायचा. पाण्यात तर विचारूच नका. यांनी काय केलं, तर एक तराफा बनवला, त्यावर परावर्तक बसवला आणि त्याखाली मॅग्नेशियमची पूड ठेवली. थोडीथोडकी नाही, एका फोटोला एक पौंड, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो. तळाशी उभ्या असलेल्या लाँगलींनी कॅमेऱ्याची कळ दाबली, की वर तराफ्यावर स्फोट! त्या उजेडात हॉगफिश नावाच्या माशाचा फोटो निघाला. जानेवारी १९२७च्या अंकात हे रंगीत फोटो आले. पाण्याखालचे ते पहिले. पण पूड एकदा भलत्या वेळी पेटून लाँगली चांगलेच भाजले होते.

आता वहीत लिहून ठेवलेल्या गोष्टीकडे येतो. बुताँचं पिंप कॅमेऱ्याला चिकटवणं शक्यच नव्हतं. ते वेगळं उभं करावं लागे. लाँगलींचा तराफा तर वर पृष्ठभागावर, कॅमेरा खाली. दोघांच्याही कामात दिवा आणि डोळा एकमेकांपासून लांब होते. का? तर दिवा एवढं मोठं आणि धोक्याचं धूड होता, की जवळ आणायची सोयच नव्हती. त्यांनी या अंतराचा काही विचार केला होता का, ते मी सांगू शकत नाही. पण अंतर त्यांना गैरसोयीतून आपोआप मिळालं होतं. बर्फाचा त्रास खरा वाढला तो दिवा लहान झाल्यावर, असं माझं मत. मूठभर दिवा हातात आला, की माणूस तो सोयीसाठी कॅमेऱ्यालाच चिकटवणार. मीही नातीला तेच सांगितलं होतं.

हे मत मी नातीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, म्हणूनच साध्या कॅमेऱ्यातला आतला फ्लॅश पाण्यात सगळ्यात वाईट. तो तर भिंगाला लागूनच असतो." मला परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाल्यासारखं झालं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चमकते बल्ब सुधारले आणि पाण्याखाली जाणाऱ्यांची संख्याही वाढली. पाठीवरच्या हवेच्या टाक्या आल्या, कमरेची दोरी सुटली. ऑस्ट्रियाचे हान्स हास यांच्या प्रयत्नातून रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याची पाण्यात नेण्याची पेटी निघाली, 'रोलायमरीन'. तिच्या बाजूला दांड्यावर बल्बचा दिवा बसवत. माझ्या वाचनात आलेल्या हातांतला हा पहिला. १९५५ साली लुई मार्डन हे कुस्तोंच्या 'कॅलिप्सो' जहाजावरून तांबड्या समुद्रात आणि हिंदी महासागरात गेले आणि सुमारे १२०० रंगीत फोटो घेऊन आले. दर फोटोला एक बल्ब खर्च! जळका बल्ब पाण्याखालीच काढायचा, नवा बसवायचा. आणि बल्ब पाण्यात तरंगतात, म्हणून ते जाळीच्या पिशवीत कोंबून कमरेला बांधायचे. बाजारातून अंडी आणावीत तसे.

या कटकटीतून सोडवलं हॅरॉल्ड एजर्टन यांनी. अमेरिकेतल्या एमआयटीचे हे प्राध्यापक, १९३०च्या दशकात त्यांनी विजेचा पुन्हा पुन्हा चमकणारा दिवा वापरात आणला. दुधाचा थेंब पडताना उठणारा मुकुट, हा त्यांचा फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. १९५३पासून ते कुस्तोंबरोबर समुद्रावर जाऊ लागले. जहाजावरचे लोक त्यांना 'पापा फ्लॅश' म्हणत. खोल समुद्रात माणसाविना उतरवायचे कॅमेरे त्यांनी बनवले, त्यांत लोखंडी चौकटीच्या एका टोकाला कॅमेरा आणि दुसऱ्या टोकाला दिवा असे. इथे मात्र अंतर जाणून-बुजून ठेवलेलं होतं.

१९६०च्या सुमारास बेल्जियमचे झाँ द वूटर्स यांनी कुस्तोंसाठी एक कॅमेरा आखला, जो पेटीविनाच पाण्यात जाई. १९६३ साली जपानच्या निकॉन कंपनीने तो 'निकोनॉस' नावाने काढला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं, २००१पर्यंत, त्याच्या पिढ्या येत राहिल्या. पाण्याखालचा फोटोग्राफर म्हटलं की छातीशी निकोनॉस आणि डाव्या हाताला दांड्यावरचा दिवा, असंच चित्र. दिवा गरजेप्रमाणे दांड्यावरून सोडवून हातात धरायचा. एका हाताने कॅमेरा, दुसरा हात लांब करून दिवा.

हे वाचलं आणि मला एकदम लग्नातला पोरगा आठवला. नव्वदच्या दशकात व्हिडिओ शूटिंग सुरू झालं, तेव्हा कॅमेरावाल्याबरोबर एक पोरगा असायचा. त्याचं काम एकच, मोठा तापट दिवा हात वर करून धरायचा. तो दमून दिवा कॅमेऱ्याजवळ आणायला लागला, की कॅमेरावाला ओरडायचा, "लांब जा रे!" त्याहून जुनं सांगायचं तर पहिल्या पावसात रात्री कुर्ल्या धरायला आम्ही मुलं जायचो. झावळीची चूड ज्याच्या हातात, त्याने ती बाजूला आणि उंच धरायची. तोंडासमोर धरली की पुढचं काही दिसायचं नाही, आणि मोठ्यांची शिवी खावी लागायची. म्हणजे ही विद्या मला वयाच्या नवव्या वर्षी येत होती! बी.ए. झाल्यावर विसरलो म्हणायचं.

हल्लीचे दांडे म्हणजे त्या पोऱ्याचा हातच. दांड्याच्या दोन्ही टोकांना एक इंच व्यासाचा गोळा असतो, मोठ्या गोटीएवढा. गोळ्याच्या खाचेत एक रबरी कडं बसवलेलं असतं. दोन गोळे एका चिमट्यात धरून स्क्रू पिळला, की रबराच्या घर्षणाने सांधा हवा तिथे थांबतो. थोडा सैल केला की पुन्हा वळतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे गोळे बहुधा एकाच मापाचे असल्याने आज घेतलेला दांडा उद्या दुसऱ्या दिव्यालाही चालतो. सात हजार वाचवताना हा हिशोबही मी केला नव्हता.

निवड कशी करायची, हे आता मी थोडंफार सांगू शकतो. नखाएवढ्या समुद्री गोगलगायीचा फोटो काढायचा असेल तर कॅमेरा तिच्या अगदी जवळ जातो, मधे पाणी फारसं उरतच नाही. तिथे पाच इंची दांडा उत्तम, लांब दांडा उलट खडकावर आपटतो. म्हणजे माझा सल्ला एका विशिष्ट गोगलगायीपुरता बरोबर होता. पण प्रवाळाचा अख्खा गट, बुडालेलं जहाज, मोठा मासा असं काही रुंद भिंगातून घ्यायचं, तर कॅमेऱ्यापुढे पाण्याचा मोठा पट्टा येतो. तो पट्टा अंधारात ठेवून पलीकडचं उजळायचं, म्हणून दिवा बाजूला, आणि भिंगाच्या थोडा मागेच. पाणी तांबडा रंग आधी गिळतं. पाचेक मीटर खोलीवरच तो बहुतेक संपलेला असतो, म्हणून दिवा तर हवाच. आणि दिव्याचा उजेडही जाऊन-येऊन मीटर-दीड मीटरपलीकडे कामाचा राहत नाही, म्हणून आपण वस्तूच्या जवळ जायचं. माणूस जवळ, दिवा लांब. माझं सूत्र बरोबर याच्या उलटं होतं.

आणखी एक गंमत आहे, ती शाळेतल्या पाण्यात वाकड्या दिसणाऱ्या पेन्सिलीची. पाण्यातली वस्तू चष्म्यातून आहे त्यापेक्षा जवळ दिसते, चार फुटांवरची तीन फुटांवर. नवा माणूस दिसते तिथे दिवा रोखतो आणि उजेड वस्तूच्या अलीकडेच, मधल्या गाळावर पडतो. म्हणून जाणते लोक दिवा थोडा बाहेरच वळवून ठेवतात, झोताची नुसती कड वस्तूवर येऊ देतात. लांब दांड्याशिवाय हे जमत नाही.

वजनाचं काय? लांब दांडे, चिमटे, दिवा सगळं मिळून जमिनीवर उचलवत नाही. पाण्यात बरंचसं वजन आर्किमिडीज उचलतो, पण उरलेलं दोन-तीनशे ग्रॅमसुद्धा तासभर मनगट खाली ओढत राहतं. त्यासाठी दांड्यावर फेसाचे हलके नळकांडे चढवतात. आमचे मालवणचे गाबीत जाळं तरंगतं राहावं म्हणून त्याला हलके गोळे बांधतात, तेच. नळकांड्याने ३०० मिलिलिटर पाणी बाजूला सारलं तर साधारण ३०० ग्रॅम उचललं, त्यातून त्याचं स्वतःचं वजन वजा करायचं. हे गणित मी नातीला करून दिलं. या खेपेला आधी पुस्तक उघडून.

गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा मी स्वयंपाकघरात प्रयोग मांडला. काचेचं मोठं भांडं, त्यात पाणी, पाण्यात दुधाचे पाचसहा थेंब. पलीकडच्या बाजूला आत हिच्या आजीचं हळदी-कुंकवाचं चांदीचं निरंजन बुडवून ठेवलं. निरंजनाला दूध लावलंत म्हणून बोलणी खाल्ली, ती वेगळीच. दिवे मालवले. टॉर्च डोळ्याच्या शेजारी धरला, तर सगळं भांडं पांढरं. मग नातीने टॉर्च घेतला आणि हात लांब करून बाजूला नेला. पांढरेपणा विरला आणि निरंजनाची कड दिसली. वाती लावायची खाचसुद्धा. ज्यांना करून पाहायचं असेल त्यांनी जरूर पाहा, दूध मात्र बेताने घाला.

तिने टॉर्च परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आता तुम्ही लांब धरा, मी बघते." मी धरला. खांदा दुखायला लागला तरी धरून राहिलो.

आठ आणि बारा इंची दांडे आणि दोन नळकांडी मी दुसऱ्याच दिवशी मागवायला लावली. जानेवारीत ती पुन्हा त्याच खडकावर जाऊन आली. फोटो पाठवले. पाणी काळं आणि स्वच्छ आहे. मोडलेल्या प्रवाळाचा बुंधा दिसतो आणि त्यावर गुंडाळलेलं जाळं दिसतं. त्या जाळ्याची एकेक गाठ मोजता येते. मी मोजत बसलो होतो.

जुने ११२ फोटो तिने पुसलेले नाहीत. ज्या फोल्डरमध्ये ठेवलेत, त्याचं नाव 'पाच इंची' आहे.